सात पाण्यांचं माप

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा पाऊस नुसता तोंड दाखवून गेला, आणि अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा महिनाभर आधीच येऊन बसला. त्या वर्षी तळ्याचा तळ उघडा पडला आणि कोणाची तरी वीस वर्षांपूर्वी बुडालेली पितळी बादली चिखलात सापडली. ज्यांना साल आठवत नाही, त्यांना अजून ती बादली आठवते.

गावाचं दूध तेव्हा मापवालीच्या पडवीत जमा व्हायचं. तिचं खरं नाव फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि तो ते बरोबर घेऊन गेला, असं लोक चेष्टेनं म्हणत. पडवीच्या आढ्याला तबकडीचा मोठा काटा टांगलेला असे. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहत. ती किटली आकड्यात अडकवायची, काटा थरथरून थांबायचा आणि ती वजन मोठ्यानं सांगायची. एकदा सांगितलं की सांगितलं. ते तिनं कधी फिरवलं नाही आणि कोणी तिच्याशी हुज्जत घातली नाही. किटली हातात घेताच काट्याच्या आधी तिला वजन कळायचं, आणि बोट बुडवलं की आत पाणी किती हेही कळायचं. जमलेलं दूध चाळीस लिटरच्या कॅनमध्ये भरून तिचा मुलगा तीनचाकी टेम्पोनं शहरात पोचवायचा.

घरच्या सहा गाई होत्या. त्यांच्या धारा सून काढायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी, पण हात असा की आडमुठी गाय तिच्यापुढे रवंथ करत उभी राहायची. सासूनं हे तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. चार बायकांत मात्र म्हणायची, "माझ्या पोराला काय मिळालं ते राहू द्या, माझ्या गोठ्याला मिळाली."

सातव्या महिन्यात सून म्हणाली की बाळंतपणाला आईकडे जाते. मापवालीनं सरळ नाही म्हटलं नाही. चारा लांबून आणावा लागतो, पाणी मोजून मिळतं, मुलगा अर्धा दिवस रस्त्यावर, गाई दुसऱ्या हाताला पान्हवत नाहीत, असं एकेक सांगत राहिली. सुनेनं ऐकून घेतलं आणि बादली उचलून गोठ्यात गेली. त्यानंतर दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं. हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ इथून सुरू झाला.

दिवस भरले तेव्हा ती सकाळच्या धारा काढून उठली आणि दुपारी बाळंत झाली. मुलगा टेम्पो घेऊन गेलेला. नर्सबाई वेळेवर आली. मुलगी झाली, मागून वारही पडली, पण रक्त थांबेना. नर्सबाईनं इंजेक्शन दिलं, दोन्ही मुठींनी पोट दाबून धरलं. तिच्या कपाळावरचा घाम सुनेच्या पोटावर टपटपत होता. मापवाली चादरी बदलत होती. सुनेचे ओठ कागदासारखे झाले आणि मधेच ती म्हणाली, "आई, दार लावा, वारा येतोय." दार लावलेलंच होतं आणि वारा कुठेच नव्हता.

दिवस कलताना रक्त थांबलं. नर्सबाई म्हणाली, शहरात न्यायला हवं. तोवर मुलगा आला होता. मापवाली म्हणाली, "थांबलंय ना आता? टेम्पोत आदळून परत सुरू झालं म्हणजे?" मुलानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि टेम्पोची किल्ली खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी उठायच्या आत मापवालीनं गोठ्यामागे मोठ्या टपात त्या चादरी धुतल्या. त्या दिवसांत घरटी चार बादल्या पाणी मिळे. तिनं गाईंच्या हौदातलं पाणी घेतलं. एक टप, दुसरा टप, तिसरा. पाणी बदलावं तर ते लालच. सातव्या पाण्याला चादरीनं रंग सोडायचा थांबवला. सांडलेल्या पाण्यावर तिनं माती ओढली. गाईंच्या तोंडचं पाणी आपण ओतलं याची तिला इतकी लाज वाटली की हे तिनं कोणाला सांगितलंच नाही. अगदी मुलालाही नाही.

तिसऱ्या दिवशी दूध यायला हवं होतं. आलं नाही. पाचव्या दिवशीही नाही. आधी येतो तो पिवळा चीकसुद्धा थेंबभर दिसला नाही. पोरगी तोंड लावायची, चार वेळा ओढायची, मग मान मागे टाकून रडायची. सुनेला ठणका नाही, ताप नाही, छाती जड झालेली नाही. शेजारची शिंपीण रोज डोकावून जायची. तिचा मुलगा चार महिन्यांचा होता, आणि शिलाई मशीनवर बसली तरी तिची चोळी भिजायची. ती म्हणाली, "मावशी, मला तिसऱ्या दिवशी हात खाली घेता येईना इतकी गच्च झाली होती. हिची तर शाळेतल्या मुलीसारखी मऊ आहे."

आठव्या दिवशी मापवालीनं स्वतः पाहायचं ठरवलं. दुपारी दार ओढून घेतलं, हात गरम पाण्यानं धुतले, पुसले, आणि गाभण कालवडीची कास पाहावी तशी सुनेची छाती चाचपली. खालून तोलली, बाजूनं दाबली, दोन बोटांत धरून ओढली. सून भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या मानेवर काटा आला होता. हाताला वजन लागलं नाही. मापवालीच्या हातानं तिला तेव्हाच खरं सांगितलं होतं. पण हाताचं ऐकलं तर पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं डोक्याचं ऐकलं.

गाई ठेवणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. काही गाई दूध चोरतात. कास भरलेली असते, पण गाय रुसलेली असली, वासरू लांब बांधलं असलं, नाहीतर धार काढणारा हात आवडला नाही, तर ती दूध वर ओढून घेते. मग कितीही ओढा.

"ही दूध चोरते," मापवाली त्या संध्याकाळी मुलाला म्हणाली. "आईकडे पाठवली नाही ना, त्याचा राग धरून बसलीय."

"आई, ती काय गाय आहे?" मुलगा म्हणाला. पण तो इतक्या हळू म्हणाला, की त्याचं त्यालाच ते पटलं नसावं.

चार बायकांतही मापवाली हेच बोलली आणि ते गावभर झालं. मग उपाय सुरू झाले, आणि तेही गोठ्यातलेच. गाईची धार दोन वेळा काढतात. मधे कास भरायला वेळ लागतो. मापवालीनं ठरवलं की पोरगीला दर तासाला लावून काही साठतच नाही, म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच पाजायचं. मधे चमच्यानं पाणी घातलेलं गाईचं दूध द्यायचं, तेही जेमतेम. पोट भरलं तर ओढील कशाला? भुकेलं वासरूच जोरात ढुशा देतं. शिंपीण दोन दिवस आपल्या पदराखाली घेऊन पोरगीला पाजत होती. तेही मापवालीनं बंद केलं. दुसऱ्या गाईला वासरू लागलं की स्वतःची गाय पान्हा सोडत नाही, हे तिनं जन्मभर पाहिलेलं.

शिंपीण उठताना म्हणाली, "मावशी, माझं फुकट वाहून जातं हो." मापवालीनं तिच्या मांडीवरून पोरगी उचलून घेतली.

पहाटे लोक यायच्या आत ती नातीला कापडाच्या झोळीत घालून काट्याला अडकवायची. पाजण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. काटा दोन्ही वेळा एकाच रेघेवर उभा राहायचा. जन्मली तेव्हा दोन किलो आठशे. दहाव्या दिवशी दोन सहाशे. अठराव्या दिवशी दोन साडेचारशे. दाराच्या चौकटीवर ती खडूनं रेघ मारायची, आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या खाली पडायची.

एक दिवस तिला उशीर झाला. झोळी काट्याला असतानाच किटल्या घेऊन चौघे-पाचजण आले. रांगेत लोहार पुढे होता. त्याला कुठे काय बोलावं ते कळत नसे. झोळीकडे बघून तो म्हणाला, "मापवाली, हिला फॅट किती लागलं?" मागचे हसले. आत दाराशी सून उभी होती. तिनं पुढे येऊन झोळी सोडवली, पोरगीला छातीशी घेतलं आणि आत गेली. तिच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. सकाळी आठलाच पत्रा तापून कडकड वाजत होता, त्या उन्हात.

तिचं हे थंडी वाजणं घरात सगळ्यांना दिसत होतं, पण तेही रुसण्याच्या खात्यात गेलं. धारा काढायला बसली की तिसऱ्या गाईला तिचे हात गळायचे. उठताना खांब धरायची. जेवण समोर ठेवलं की दोन घास खाऊन ताट सरकवायची. आवाज बसला होता. एकदा मापवालीनं तिला गोठ्यात बादलीवर डोकं टेकून झोपलेली पाहिली. गाय अंगावरच्या माशा हाकलत शांत उभी होती. मापवालीनं हलवून उठवलं तेव्हा सून म्हणाली, "आई, मी चोरत नाही हो." तेवढंच. तिनं कधी ऐकलं, कोणाकडून ऐकलं, देव जाणे. मापवाली म्हणाली, "मग दे ना." आणि बादली घेऊन निघून गेली.

चौथा आठवडा लागला. पोरगीचं रडणं थांबलं होतं. शिंपिणीला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं, आणि तिनं तसं म्हटलंही. पोरगीच्या मांडीची कातडी सैल होऊन वळ्या पडल्या होत्या. टाळूवर खळगा पडला होता. चौकटीवरची शेवटची रेघ दोन किलो तीनशेची होती.

त्या दुपारी गुरांचा डॉक्टर आला. तो काही मुद्दाम आला नव्हता. घरची म्हातारी तांबडी गाय दोन महिन्यांत व्यायची होती, आणि व्यायच्या आधी गाईला आटवतात, म्हणजे तिचं दूध बंद करतात. ती नीट आटली का, कासेत कुठे गाठ नाही ना, एवढं बघायला तो आला होता. टक्कल पडलेला, सायकलवरून फिरणारा, चहा दोनदा मागून घेणारा माणूस. त्यानं तांबडीची कास चारी बाजूंनी दाबली आणि म्हणाला, "छान आटलीय. कसं केलंस?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं," मापवाली म्हणाली. "आधी मधे अंतर वाढवलं. मग एक वेळ बंद केली. खुराक तोडला. कास रिकामी करायची नाही, की आपोआप बंद होतं."

हात धुवायला डॉक्टर पडवीत आला. तिथे भिंतीला टेकून सून बसली होती, स्वेटर घालून, पोरगीला मांडीवर घेऊन. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, पोरगी शेवटची कधी प्यायली. सुनेऐवजी मापवालीनं उत्तर दिलं, सकाळी, आता संध्याकाळी देईल.

डॉक्टरनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"मापवाली, तांबडीला आटवायला काय केलंस म्हणालीस?"

तिला पुन्हा सांगता येईना. पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं एकेक वाक्य तिच्यापुढे येऊन उभं राहिलं. अंतर वाढवलं. खुराक तोडला. रिकामी करायची नाही. चाळीस वर्षं गाई सांभाळलेल्या बाईनं दूध यावं म्हणून नेमकं तेच केलं होतं, जे ती दूध जावं म्हणून करत आली होती. ती पडवीच्या पायरीवर बसली.

डॉक्टर सुनेपुढे उकिडवा बसला. थंडी कधीपासून, चक्कर येते का, बाळंतपणात काय झालं, असं विचारत राहिला. मग तो नुकत्याच टेम्पो घेऊन परतलेल्या मुलाकडे वळला. म्हणाला, मी जनावरांचा डॉक्टर, माणसाचं मला विचारू नका, पण टेम्पो आत्ता काढ. संध्याकाळच्या दुधाची वाट बघू नकोस. आणि वाटेत शिंपिणीकडे थांबून पोरगीला पाजून घे.

त्या संध्याकाळी कित्येक वर्षांत पहिल्यांदा मापवालीच्या पडवीत दूध मोजलं गेलं नाही. लोक भरलेल्या किटल्या घेऊन परत गेले.

शहरातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी पोरगीला वाटीचमच्यानं दूध पाजायला नर्सच्या हवाली केलं आणि मग सुनेला तपासलं. रक्तदाब दोनदा मोजला, डोळ्यांची पापणी ओढून बघितली. छाती तपासायच्या आधी तिनं विचारलं, "तपासू का?" हे विचारायचं असतं, हे मापवालीला त्या दिवशी कळलं.

"बाळंतपणात रक्त किती गेलं?"

"खूप गेलं म्हणतात," मुलगा म्हणाला.

"खूप म्हणजे किती?"

मुलानं मान खाली घातली. तो तेव्हा नव्हताच. सुनेला आठवत नव्हतं. नर्सबाईनं चिठ्ठीवर नुसतं 'रक्तस्राव' एवढं लिहिलं होतं. डॉक्टरीण लेखणी धरून थांबली होती.

"सात पाणी," मापवाली म्हणाली.

डॉक्टरिणीनं वर पाहिलं. मग मापवालीनं सांगितलं, सगळं, पहिल्यांदा. टप तीन बादल्यांचा. चादरी चार, शिवाय एक पांघरूण. पहिल्या पाण्यात घातलेला हात दिसत नव्हता. तिसऱ्यात बोटं दिसली. पाचवं गुलाबी. सातवं निवळ. गादीत मुरलं ते वेगळं, नर्सबाईच्या तसराळ्यात होतं ते वेगळं. सांगताना तिचे हात हवेत टप दाखवत होते. शेवटी म्हणाली, "दोन लिटरच्या वर. अडीचला थोडं कमी. माझं माप चुकत नाही." आणि मग आवाज उतरला. "गाईंचं पाणी वापरलं होतं, म्हणून कोणाला बोलले नाही."

डॉक्टरिणीनं ते लिहून घेतलं. ती म्हणाली की तपासण्या करूच, रक्त मोठ्या शहरात पाठवू, पण मला काय वाटतं ते सांगते. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक गाठ असते, ग्रंथी म्हणतात. दूध छातीत होतं, पण कर म्हणून हुकूम तिथून जातो. थंडी वाजू नये, अंगात बळ राहावं, पाळी यावी, तेही सगळं तिथूनच. पोटात मूल असताना ती गाठ फुगते, तिला जास्त रक्त लागतं. आणि नेमक्या त्याच वेळी एवढं रक्त गेलं, की ती उपाशी राहिली. तिचा बराच भाग मेला. छाती चांगली आहे, हुकूमच येत नाही.

"मग आता येईल?" मुलानं विचारलं.

"दूध नाही येणार. बाकीचं आपण गोळ्यांनी देऊ. रोज, कायमचं."

मापवालीनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. "आम्ही दिवसातून दोनदाच पाजत होतो. त्यानं आटलं का?"

"त्यानं पोरगी वाळली, आजी. दूध आटलं नाही. ते आलंच नव्हतं."

"म्हणजे ती चोरत नव्हती?"

"काय चोरत नव्हती?" डॉक्टरिणीनं विचारलं.

सून खिडकीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात उचलण्याचं बळ तिला नव्हतं. मापवालीनं आपला हात पुढे केला, अर्ध्यात थांबवला. मग धाडस करून तो तसाच पुढे नेला आणि सुनेचा गाल पुसला. गाल गार होता.

अकरा दिवस सासू, सून आणि पोरगी तिथे राहिल्या; मुलगा टेम्पोनं ये-जा करत होता. सुनेला रक्त चढवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि पाचव्या दिवशी तिनं आपणहून खायला मागितलं. तपासण्यांचे कागद आले, डॉक्टरीण म्हणाली होती तेच निघालं. पोरगी वाटीचमच्यानं दर दोन तासांनी डब्याचं दूध प्यायली. शिंपीण एक दिवसाआड मुलाला काखेत घेऊन टेम्पोतून यायची, पोरगीला पाजायची आणि कॅनवर बसून परत जायची.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मापवालीनं लोक येऊ दिले. रांग पूर्ण लागू दिली. मग झोळी आणून सगळ्यांसमोर काट्याला अडकवली. पोरगी पाय झाडत होती, त्यामुळे काटा थांबायला वेळ लागला.

"दोन किलो साडेसातशे," तिनं मोठ्यानं सांगितलं. लोहार किटलीच्या झाकणाशी चाळा करत होता. मापवालीनं झोळीवर हात ठेवला. "आणि ऐका. माझी सून दूध चोरते असं मी बोलले होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पुढे नेलं. तिला दूध नव्हतंच. माझं माप चुकलं होतं."

एवढं बोलून तिनं झोळी सोडवली आणि लोहाराची किटली घ्यायला हात पुढे केला. किटली हातात आली तेव्हा तिला वजन कळेना. काटा थांबेपर्यंत तिला थांबावं लागलं.

पुढे त्या वर्षी पाऊस आला. तांबडी व्याली आणि आणखी दोन वेत देऊन म्हातारपणानं मेली. लोहारानं झोळीच्या आकड्यावर परत कधी विनोद केला नाही. पुढच्या वर्षी त्यानं पडवीच्या काट्याला नवीन कडी ठोकून दिली आणि पैसे घेतले नाहीत. नर्सबाईची बदली झाली. जाताना ती दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा पोरगीला मांडीवर घेऊन बसली आणि उठून गेली. गुरांच्या डॉक्टरला त्या घरी मरेपर्यंत चहा दोनदा न मागता मिळाला. मुलाला आणखी मूल झालं नाही, आणि त्याबद्दल त्या घरात कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही. टेम्पो जाऊन मोठी गाडी आली, पण खुंटीला किल्ली लावताना त्याचा हात नेहमी क्षणभर थांबायचा.

पोरगी मोठी झाली. शिंपिणीला ती दूधआई म्हणते, आणि शिंपिणीच्या मुलाशी अजून सख्ख्या भावासारखी भांडते. तिला स्वतःला मूल झालं तेव्हा दूध तिसऱ्या दिवशी आलं. त्या दिवशी शिंपीण आणि सून दोघी एकाच बाकावर बसून रडल्या.

सून आजही धारा काढते. दोन गाई, हौसेपुरत्या. पहाटे एक गोळी आणि दुपारी एक, कधी चुकत नाही. त्याचं कारण मापवाली. दवाखान्यातून आल्यापासून रोज पहाटे गोठ्यात जायच्या आधी ती सुनेपुढे तळहात धरायची, त्यावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. माफी वगैरे शब्द तिच्या तोंडून त्या सकाळनंतर परत आले नाहीत. गोळी मात्र सत्तावीस वर्षं आली.

शेवटच्या वर्षी मापवालीचं डोकं भरकटायचं. मुलाला नवरा समजायची, काट्याचे आकडे बडबडायची. एका पहाटे तिनं अंथरुणातून हात बाहेर काढला आणि तळहात उघडून धरला. त्यावर काही नव्हतं.

"घेतलीस का गं?"

सुनेनं गोळी मघाशीच घेतली होती. तिनं वाकून त्या रिकाम्या तळहातावरून बोटांनी काहीतरी उचललं, तोंडात टाकलं, आणि वरून पाण्याचा घोट घेतला.

"घेतली, आई."